ह्युएनत्संग : विद्येची आयात आणि तिचा हिशेब

परदेशीं जाऊन विद्या मिळविणाऱ्या माणसाचें आपल्या शहरांतून मोठें कौतुक होतें. तो केव्हां गेला, किती वर्षें राहिला, कोणती पदवी घेऊन आला, ह्याची चौकशी सर्व करितात. परत आल्यावर त्या विद्येचें त्यानें काय केलें, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. व्यापारी माणूस असा हिशेब कधीं करणार नाहीं. माल बंदरांत उतरला म्हणजे व्यापार झाला, असें तो समजत नाहीं; माल वखारींतून दुकानांत व दुकानांतून गिऱ्हाइकाच्या घरीं जाईपर्यंत त्याच्या जिवास स्वस्थता नसते. विद्येच्या बाबतींतहि हाच हिशेब लागू आहे, असें आमचें मत आहे. आणि तें वाचकांच्या मनावर ठसविण्यास चीन देशांतील ह्युएनत्संग ह्या बौद्ध भिक्षूच्या चरित्राइतकें उपयुक्त चरित्र आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

ह्या पुरुषाचें नांव आपल्याकडे शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. हर्षवर्धनाच्या दरबारीं आलेला चिनी प्रवासी, दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचें वर्णन करणारा साक्षीदार, एवढी त्याची ओळख आपण करून घेतली आहे. साक्ष संपली कीं साक्षीदारास निरोप द्यावा, त्याप्रमाणें आपण त्याला निरोप देतों. चीनांत मात्र त्याची कीर्ति प्रवासी म्हणून जितकी आहे तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, भाषांतरकार म्हणून आहे. त्याच्या प्रवासास सोळा वर्षें लागलीं. परत आल्यावर भाषांतराच्या कामास एकोणीस. ह्या दुसऱ्या आंकड्याकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

बौद्ध धर्म चीनांत गेला तो मुख्यतः व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून मध्य आशियांतील रेशमाच्या मार्गानें भिक्षू व सौदागर एकाच काफिल्यांतून चालत. हान वंशाच्या मिंग बादशहानें लोयांग नगरीजवळ श्वेताश्व विहार बांधविला, अशी परंपरा आहे. परंतु चिनी समाजानें नव्या धर्माचें स्वागत निमूटपणें केलें नाहीं. कन्फ्यूशियसच्या शिकवणींत वाढलेल्या गृहस्थास डोकें मुंडविणारा, लग्न न करणारा व आईबाप सोडून विहारांत राहणारा मुलगा म्हणजे कुळास लागलेला डाग वाटे. आईबापांनीं दिलेलें शरीर अखंड राखावें, पुत्र व्हावा व त्यानें पितरांची पूजा चालवावी, हा तेथील गृहस्थधर्म होता. बौद्धांनीं ह्या आक्षेपास वादानें उत्तर दिलें, तसेंच आचरणानेंहि दिलें. संघास दिलेल्या दानाचें पुण्य मृत आईबापांस पोंचतें असें त्यांनीं शिकविलें. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस पितरांच्या उद्धारासाठीं दान देण्याचा उत्सव रूढ झाला, आणि आपल्या पितृपक्षाची आठवण करून देणारा तो उत्सव चिनी समाजांत अद्यापि पाळला जातो.

आचाराची अडचण अशी सुटली, तरी ग्रंथांची सुटली नाहीं. संस्कृत भाषा विभक्तिप्रत्ययांनीं भरलेली. चिनी भाषेंत विभक्तिप्रत्यय नाहींत. आरंभींच्या भाषांतरकारांनीं बौद्ध कल्पनांस ताओपंथी शब्द लावून वेळ मारून नेली, व त्यामुळें वाचणाऱ्यास नवें कांहीं न सांपडतां आपलेंच जुनें परत मिळूं लागलें. पांचव्या शतकाच्या आरंभीं कुमारजीव नांवाच्या थोर पंडितानें हा घोंटाळा बराच दूर केला. त्याचा बाप हिंदी व आई मध्य आशियांतील कुचा येथील राजकन्या होती. त्याचें भाषांतर गोड व सुबोध आहे. परंतु मूळ ग्रंथांतील पुष्कळ भाग तो संक्षेपानें देई. त्यानंतर दोनशें वर्षांत निरनिराळे पंथ व निरनिराळे अर्थ ह्यांची चीनांत इतकी गर्दी झाली कीं, एकाच शास्त्राचे दोन आचार्य एकमेकांविरुद्ध शिकवीत, आणि खरें कोण हें ठरविण्यास मूळ ग्रंथ कोणाजवळ पुरा नसे.

अशा काळांत इ. स. ६०२ च्या सुमारास लोयांगजवळच्या एका विद्वान कुटुंबांत ह्युएनत्संगाचा जन्म झाला. घराण्याचें नांव चेन. बाप कन्फ्यूशियसच्या ग्रंथांत निष्णात. वडील भाऊ भिक्षू झालेला. भावाच्या पाठोपाठ हा मुलगाहि तेराव्या वर्षीं विहारांत दाखल झाला. इ. स. ६१८ मध्यें सुई घराण्याचें राज्य बुडालें व देशांत लुटालूट आणि दुष्काळ माजले. दोघे भाऊ जीव घेऊन चांगआनला व तेथून डोंगरांपलीकडे सच्वानांतील चेंगतू शहरीं गेले. तेथेंच वयाच्या विसाव्या वर्षीं ह्युएनत्संगास पूर्ण दीक्षा मिळाली. पुढें नांवाजलेले आचार्य शोधीत तो शहरोशहरीं फिरला. प्रत्येकाजवळ तो शिकला, आणि जों जों शिकला तों तों त्याचा संशय वाढत गेला. मनुष्यमात्रास बुद्धत्व मिळूं शकतें काय, विज्ञान म्हणजे काय, ह्या मूलभूत प्रश्नांवरच आचार्यांत एकमत नव्हतें. योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ सबंध हातीं आल्याखेरीज ह्या वादांचा निकाल लागणार नाहीं, आणि तो सबंध मिळावयाचा तर हिंदुस्थानांतच, अशी त्याची खात्री झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तो अज्ञानी होता म्हणून निघाला नाहीं. त्याला राजधानींत मान होता, व्याख्यानांस गर्दी होत होती, आणि आहे त्या विद्येवर आयुष्य सुखानें काढतां आलें असतें. परंतु अपुऱ्या पुस्तकावरून पुरी खात्री सांगणें त्याच्या मनास पटेना. समाजांत विद्वान म्हणून मान्यता मिळाल्यावर आपल्या विद्येंतील खिंडार उघड कबूल करणें हें वाळवंट ओलांडण्याहून सोपें नाहीं.

त्या वेळीं थांग घराण्याचें राज्य नवें होतें, उत्तरेस तुर्कांची भीति होती, व प्रजेनें सरहद्द ओलांडूं नये असा बादशाही हुकूम होता. ह्युएनत्संगानें परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. तेव्हां इ. स. ६२९ मध्यें, कांहीं पंडितांच्या मतें त्याच्याहि दोन वर्षें आधीं, तो परवानगीवांचून निघाला. ल्यांगचौ येथील सुभेदारानें त्यास परत जाण्यास फर्माविलें. दोघा भिक्षूंच्या मदतीनें तो रात्रीं चाले व दिवसा लपून राही. पुढें क्वाचौ येथें त्याला पकडण्याचा हुकूम घेऊन एक अधिकारी आला, व ह्याचा निश्चय पाहून त्यानें तो कागद ह्याच्या देखत फाडून टाकला. वाटाड्या मिळाला, परंतु त्यानेंच एका रात्रीं सुरी उपसली, आणि पुढें येण्याचें नाकारून तो माघारा फिरला. मग एक म्हातारा लाल घोडा व हा एकटा भिक्षू असे दोन प्राणी वाळूंतील हाडें व लीद ह्यांच्या खुणेनें चालूं लागले. पहाऱ्याच्या बुरुजावरून त्याजवर बाण सुटले. तेथला नायक बौद्ध निघाला म्हणून तो वांचला. पुढें वाळवंटांत पाण्याची पखाल हातांतून निसटून सर्व पाणी सांडलें. क्षणभर तो मागें वळला, कांहीं अंतर गेला, आणि मग पुन्हां पश्चिमेकडे तोंड करून निघाला. चार रात्री व पांच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाहीं. शेवटीं घोड्यालाच हिरवळीचा व पाण्याचा वास लागला, आणि दोघे वांचले.

तुर्फान येथील राजा क्यू वेनताय ह्याचें संकट निराळ्या तऱ्हेचें होतें. तो बौद्ध असून त्याची भक्ति अलोट होती, आणि ह्या भक्तीमुळेंच तो ह्युएनत्संगास कायमचा ठेवून घेण्याचा हट्ट धरून बसला. विनवणीनें काम होईना तेव्हां ह्युएनत्संगानें अन्नपाणी वर्ज्य केलें. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं राजा वरमला. परत येतांना तीन वर्षें येथें राहावें, एवढें वचन घेऊन त्यानें सोनें, रुपें, रेशीम, तीस घोडे, पंचवीस नोकर आणि वाटेंतील चोवीस राज्यांच्या नांवें चोवीस पत्रें दिलीं. व्यापारी वाचकांस ह्या पत्रांची किंमत समजावून सांगावयास नको. परक्या मुलखांत पैशापेक्षां ओळखीची हुंडी अधिक चालते. एकटा पळून निघालेला भिक्षू ह्या पत्रांच्या जोरावर राजमान्य पाहुणा झाला. वचन मात्र पाळण्याची वेळ आली नाहीं. तो परतण्यापूर्वींच, इ. स. ६४० मध्यें, थांग सैन्यानें तुर्फानचें राज्य बुडविलें.

तेथून हिमाच्छादित थियानशान पर्वत ओलांडतांना बरोबरची बरीच माणसें गारठून मेलीं. इस्सिककुल सरोवर, पश्चिम तुर्कांच्या खानाची छावणी, समरकंद, बल्ख, आणि डोंगरांत कोरलेल्या भव्य बुद्धमूर्तींचें बामियान, असा त्याचा मार्ग होता. त्या मूर्ती इ. स. २००१ मध्यें तोफा व सुरुंग लावून फोडण्यांत आल्या. त्यांचें जें जुन्यांत जुनें वर्णन हल्लीं उपलब्ध आहे त्यांत ह्युएनत्संगाच्या लेखाची गणना होते. गांधारांत त्याला ओसाड विहार दिसले, काश्मीरांत सुमारें दोन वर्षें शास्त्राध्ययन घडलें, आणि अयोध्येच्या पुढें गंगेवर चांच्यांनीं दुर्गेस बळी देण्यासाठीं ह्यालाच निवडलें. ऐन वेळीं वावटळ सुटली व चांचे घाबरून शरण आले, असें त्याचा चरित्रकार सांगतो.

मगधांतील नालंदा येथें तो पोंचला तेव्हां आचार्य शीलभद्र अतिशय वृद्ध झाले होते. ह्याच वृद्ध गुरूपाशीं त्यानें योगाचारभूमिशास्त्राचें श्रवण केलें. त्या विद्यापीठाची व्यवस्था त्यानें बारकाईनें नोंदली आहे. राजांनीं नेमून दिलेल्या गांवांच्या उत्पन्नावर हजारों भिक्षूंचा निर्वाह चाले, म्हणून विद्यार्थ्यास पोटासाठीं दारोदार हिंडावें लागत नसे. दारावरचा पंडित नवागतास प्रश्न विचारी, व दहांपैकीं सात-आठ जण तेथूनच परत फिरत. बौद्धशास्त्राबरोबर वेद, व्याकरण, हेतुविद्या आणि वैद्यकहि तेथें शिकविलें जाई. भाकरीची चिंता नाहीं आणि वशिल्यानें प्रवेश नाहीं, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे विद्यापीठ कसें होतें, ह्याचा हा नमुना होय.

नालंदेहून निघून बंगाल, आंध्र व कांची करीत तो इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला. त्याचें येथील वर्णन आपल्याकडे अभिमानानें सांगितलें जातें. लोक उंच, ताठ मानेचे व साधे. उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे. शत्रूवर चालून जाण्यापूर्वीं त्याला आधीं सूचना देणारे. संकटांत सांपडलेल्यासाठीं स्वतःस विसरणारे. राजा पुलकेशी, हर्षासारख्या चक्रवर्तीलाहि त्यास नमवितां आलें नाहीं. इ. स. ६३४ चा ऐहोळे येथील शिलालेख ह्या गोष्टीस दुजोरा देतो. परंतु ह्याच वर्णनांत आणखी एक वाक्य आहे, व तें सहसा कोणी सांगत नाहीं. येथील लोकांस विद्येची आवड आहे आणि ते बौद्ध व इतर अशा दोन्ही मतांचा आदर करितात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. शंभरांवर विहार व पांच हजारांवर भिक्षू येथें असल्याचें तो सांगतो. पूर्वेकडील डोंगरांत कोरलेल्या ज्या विहाराचें त्यानें वर्णन केलें आहे, तो अजिंठ्याचाच असें बहुतेक विद्वान मानतात. आपण पराक्रमाची साक्ष पाठ केली व विद्याप्रेमाची वगळली. पराक्रमाचें काय झालें तें पाहावें: इ. स. ६४२ मध्यें पल्लवांनीं वातापि घेतली व पुलकेशी पडला. त्या काळचें वैभव आज आपणांस दिसतें तें अजिंठ्याच्या भिंतींवर व अशा शिलालेखांत.

व्यापाऱ्यांसाठींहि त्याच्या लेखांत पुष्कळ आहे. भडोच येथें लोक समुद्राचें पाणी आटवून मीठ काढतात व समुद्रावरच पोट भरतात, आणि वलभी येथें दूरदूरच्या देशांचा मौल्यवान माल सांठलेला असून लक्षाधीशांचीं घरें शंभरावर आहेत, असें त्यानें नमूद केलें आहे.

ह्या थोर पुरुषाच्या चरित्रांतील एक प्रसंग मात्र आम्हांस खटकतो, आणि चरित्र म्हणजे आरती नव्हे, म्हणून तो सांगणें अवश्य आहे. इ. स. ६४३ मध्यें हर्षानें कनोज येथें मोठी धर्मसभा भरविली व ह्युएनत्संगाचा पक्ष सर्वांपुढें मांडला. विरोधकांपैकीं कांहींनीं त्याच्या जिवावर उठण्याचा घाट घातला अशी कुणकुण लागतांच हर्षानें दवंडी पिटविली: ह्या आचार्यास इजा करील त्याचा शिरच्छेद होईल, व त्याची निंदा करील त्याची जीभ कापली जाईल. मग अठरा दिवस कोणी पुढें आलें नाहीं, आणि विजय जाहीर झाला. जिवाचें रक्षण करणें राजाचें कर्तव्यच होतें. परंतु जीभ कापण्याच्या धाकाखालीं मिळालेल्या मौनास वादांतील जय म्हणतां येत नाहीं. नालंदेंत ज्यानें प्रश्न विचारून व ऐकून घेऊन कीर्ति मिळविली, त्यास ह्या जयाची गरज नव्हती. राजाश्रय विद्येस पोसतो. त्याचबरोबर तो विद्येस आयता जय देऊन आळशी करितो, हें ह्या सभेवरून स्पष्ट दिसतें.

परतीच्या वाटेवर सिंधु नदींत नाव हेलकावली व सुमारें पन्नास हस्तलिखितें वाहून गेलीं. हर्षानें दिलेला हत्ती डोंगरांत बुडून मेला. खोतानहून त्यानें बादशहास पत्र लिहून विनापरवाना गेल्याची क्षमा मागितली, आणि इ. स. ६४५ च्या आरंभीं तो चांगआन नगरींत आला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. ज्या राज्यानें त्यास जातांना अडविलें, त्याच राज्याची राजधानी त्यास पाहण्यास रस्त्यांवर लोटली.

येथपर्यंतचा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. खरी परीक्षा येथून पुढें होती. थायत्सुंग बादशहानें त्याला लोयांग येथें भेटीस बोलाविलें. बादशहास पश्चिमेकडील राज्यांची, त्यांच्या रस्त्यांची व राजांची माहिती हवी होती, आणि हा माणूस मंत्रिपदास लायक आहे हें त्यानें ओळखलें. त्यानें अधिकार देऊं केला; कोरियावरील स्वारींत बरोबर येण्याचा आग्रह केला. ह्युएनत्संगानें दोन्ही नाकारलें व भाषांतरासाठीं माणसें आणि जागा एवढीच मागणी केली. बादशहाची इच्छा राखण्यासाठीं त्यानें इ. स. ६४६ मध्यें शिष्याकरवीं प्रवासवृत्त पुरें करून दिलें, व १३८ देशांची हकीकत असलेलें तें पुस्तक हातावेगळें करून तो आपल्या कामास लागला. आपण ज्या पुस्तकामुळें त्यास ओळखतों, तें त्याच्या दृष्टीनें राजाची फर्माईश पुरी करण्याचें काम होतें.

भाषांतराची त्याची व्यवस्था एखाद्या चोख पेढीसारखी होती. आरंभींच तेवीस पंडित निवडले गेले: बारा जण अर्थ तपासणारे, नऊ जण वाक्यें जुळविणारे, एक चिनी अक्षरांचा जाणता व एक संस्कृताची शहानिशा करणारा. ह्युएनत्संग मूळ वाचून चिनींत सांगे, लेखक उतरून घेई, मग एका हातून दुसऱ्या हातीं मजकूर तपासला जाई. कोणते शब्द भाषांतरूं नयेत ह्याचे पांच नियम त्याच्या नांवावर चालत आले आहेत. मंत्रासारखे गूढ शब्द. अनेक अर्थ पोटांत घेणारे शब्द. चीनांत नसलेल्या जांभळासारख्या वस्तूंचीं नांवें. पूर्वीच्या लोकांनीं रूढ केलेले शब्द. आणि भाषांतरानें ज्यांचें गांभीर्य उतरेल असे प्रज्ञेसारखे शब्द, हे मूळ उच्चारानेंच ठेवावे, असें तें शास्त्र आहे. मराठींत शास्त्रीय परिभाषा बनविणाऱ्यांनीं ह्या पांच नियमांचा विचार अवश्य करावा. उलट दिशेचें कामहि त्यानें केलें. बादशहाच्या आज्ञेवरून लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतांत करितांना ताओपंथी पंडित त्यांत बौद्ध शब्द घालूं पाहत होते. दोन निराळ्या शास्त्रांची अशी खिचडी करण्यास त्यानें साफ नकार दिला.

त्याची दिनचर्याहि कडक होती. रोज किती करावयाचें तें तो आधीं ठरवी. दिवसा पाहुणे व राजकाज ह्यांनीं वेळ खाल्ला तर रात्रीं पुरें करी. पहांटे उठून पुढचा भाग वाचून लाल शाईनें खुणा करी. सिंधु नदींत वाहून गेलेले ग्रंथ त्याच्या मनांतून गेले नाहींत. इ. स. ६५४ मध्यें मगधांतील भिक्षूंस पाठविलेल्या पत्रांत शीलभद्राच्या निधनाबद्दल शोक व्यक्त करून त्यानें त्या हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडली, व नकला पाठविण्याची विनंति केली. इ. स. ६६० मध्यें त्यानें महाप्रज्ञापारमिता हा प्रचंड ग्रंथ हातीं घेतला. ग्रंथांत पुनरुक्ति फार. शिष्यांनीं संक्षेप करण्याची विनंति केली व तो क्षणभर तयारहि झाला. मग त्याचा विचार फिरला, आणि एक अक्षर न गाळतां सबंध ग्रंथ उतरविण्याचें ठरलें. आयुष्य पुरेल कीं नाहीं ह्या धास्तीनें तो घाई करी. इ. स. ६६३ च्या अखेरीस सहाशें खंड पुरे झाले. पुढें शिष्यांनीं आणखी एक मोठा ग्रंथ पुढें ठेविला. कांहीं ओळी करून त्यानें पोथी मिटली व शक्ति संपली असें सांगितलें. इ. स. ६६४ च्या आरंभीं तो वारला. साध्या चटईंत गुंडाळून दूर एकांतांत पुरावें, एवढीच त्याची अखेरची इच्छा होती. त्याच्या नांवावर ७५ ग्रंथ व १,३३५ खंड जमा आहेत.

ह्या कष्टांचें फळ काय, असें कोणी विचारील. त्याचा स्वतःचा विज्ञानवादी पंथ चीनांत फार दिवस टिकला नाहीं. तें शास्त्र कठीण. सामान्य जनांनीं अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणाचा व ध्यानाचा मार्ग धरला. इ. स. ८४५ मध्यें वूत्सुंग बादशहानें बौद्धांवर वरवंटा फिरविला. ४,६०० विहार पाडले गेले, २,६०,५०० भिक्षू व भिक्षुणी संसारांत परत ढकलल्या गेल्या, आणि तांब्याच्या मूर्ती वितळवून नाणीं पाडण्यांत आलीं. विहारांच्या जमिनींस कर नाहीं व त्यांच्या संपत्तीस सीमा नाहीं, ही राज्याची तक्रार अगदींच खोटी नव्हती. मोठ्या ग्रंथालयांवर व राजाश्रयावर जगणारे पंथ ह्या तडाख्यांत खचले. शेतांत राबणारे ध्यानपंथी व घरोघरीं नामस्मरण करणारे भाविक तगले.

तरी ह्युएनत्संगाचें काम बुडालें नाहीं, कारण तें लोकभाषेंत उतरलें होतें व अनेक हातीं वांटलें गेलें होतें. त्याच्या नांवावर असलेलें प्रज्ञापारमिताहृदयाचें अडीचशेंवर अक्षरांचें चिमुकलें भाषांतर चीन, कोरिया व जपान ह्या देशांत आजहि रोज म्हटलें जातें. जपानी भिक्षू दोशो इ. स. ६५३ मध्यें निघून त्याजपाशीं शिकला व ती विद्या जपानांत घेऊन गेला. चीनांत नाहींसे झालेले ह्या पंथाचे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यांग वेनह्वे ह्या गृहस्थानें जपानांतून परत मिळविले व नानकिंगच्या आपल्या छापखान्यांत छापले. नालंदा इ. स. १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झाली. तेथें शिकविल्या जाणाऱ्या कित्येक ग्रंथांचें संस्कृत मूळ नष्ट झालें, आणि ते आज आपणांस कळतात ते चिनी व तिबेटी भाषांतरांतून. आपल्या घरची ठेव शेजाऱ्याच्या वहींत नोंदलेली होती म्हणून ती वांचली.

ही ठेव परत आणण्यास महाराष्ट्रांतील माणसांचेहि हात लागले आहेत, हें सांगण्यास आनंद वाटतो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचें ह्युएनत्संगानें भाषांतर केलें होतें. त्याच्या संस्कृत कारिका राहुल सांकृत्यायन यांनीं तिबेटांत शोधिल्या आणि पुण्याचे वासुदेव विश्वनाथ गोखले यांनीं त्या इ. स. १९४६ मध्यें संपादून प्रसिद्ध केल्या. गोमंतकांतून निघालेले धर्मानंद कोसंबी हे नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकले, आणि शिकलेलें त्यांनीं साध्या मराठींत सामान्य वाचकांपुढें मांडलें. ह्युएनत्संगाचा खरा वारसा हा होय.

आतां वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, परदेशीं जाणाऱ्या तरुणांस द्रव्य देणाऱ्या श्रीमंतांनीं ते परतल्यावरच्या कामासहि द्रव्य द्यावें. आपल्या मुलांपैकीं पुष्कळ जण आज दूरदूरच्या विद्यापीठांतून शिकून येतात. कांहीं तेथेंच राहतात. त्यांच्या विद्येंतील फारच थोडा भाग मराठी वाचकापर्यंत पोंचतो. ह्यांत दोष केवळ त्यांचा नाहीं. त्यांच्यापुढें मंत्रिपद आहे, पगार आहे, सत्कार आहे. परंतु तेवीस माणसांची भाषांतरशाळा त्यांच्यासाठीं कोणीं उघडली आहे? देवळास कळस चढविणारा दाता गांवोगांव सांपडतो. एका चांगल्या ग्रंथाच्या भाषांतरासाठीं तीन वर्षांचा निर्वाह देणारा दाता विरळा. प्रवासाचा खर्च देऊन भाषांतराचा खर्च नाकारणें म्हणजे जहाजाचें भाडें भरून माल धक्क्यावर कुजूं देणें होय. आपल्या शहरांतील पेढ्यांनीं, ग्रंथसंग्रहालयांनीं व शिक्षणसंस्थांनीं मिळून वर्षास एक तरी ग्रंथ असा पुरा करवून घ्यावा, व तो संक्षेप न करितां पुरा करवून घ्यावा. महाराष्ट्रांतील लोकांस विद्येची आवड आहे, अशी साक्ष एका परक्या माणसानें तेराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविली आहे. ती खरी ठरविणें आपल्या हातीं आहे.